लिंबू अडता कामा नये

सबनिसांनी मला त्यांच्या नव्या घरातून पहिल्यांदा हाकललं, तेव्हा ते घर बांधलेलंच नव्हतं. दिल्लीत सरोजिनी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समागच्या मैदानात त्यांनी ते चुन्यानं आखलं होतं, अगदी खऱ्या मापाचं. मी दूध घेऊन आपला सरळ चाललो होतो.

"अहो, भिंतीतून कुठे शिरताय? दार इकडे आहे!"

मी निमूटपणे वळसा घातला. पुढे पुढे कॉलनीतली कुत्रीसुद्धा दारातूनच ये-जा करतात, असं ते अभिमानानं सांगत. मला तरी तसं कधी दिसलं नाही.

सबनीस एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. जन्म भाड्याच्या आणि सरकारी घरांत गेलेला. तेव्हा घरोघरी नुकता केबल टीव्ही आला होता, रस्त्यावर नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या, आणि गुडगावच्या पलीकडे एका खेड्याच्या शिवेवर, मोहरीच्या शेताला लागून, सबनिसांनी प्लॉट घेतला होता.

"मॉडर्न घर बांधणार. बिल्कुल मॉडर्न!"

मॉडर्न म्हणजे काय? तर घरात एकही उंबरठा नको. त्यांच्या खिशात कायम एक लिंबू असे. बांधकाम सुरू झाल्यावर ते पुढच्या दारात उकिडवे बसून लिंबू घरंगळत सोडत. ते मागच्या दारापर्यंत विनाअडथळा गेलं पाहिजे. "लिंबू अडता कामा नये!" हा त्यांचा मंत्र.

गावचा मिस्त्री रामफल या प्रकारानं पार हादरला. "साबजी, टोटका है क्या?" करणीबिरणीच्या संशयानं त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून त्यानं चौकटीला लिंबू-मिरची टांगली. सबनिसांनी त्यातलंच लिंबू काढून टेस्टिंग केलं.

"दहलीज नहीं होगी तो बारिश का पानी अंदर आएगा," रामफल बजावत होता. सबनिसांनी व्हरांड्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, दारापुढे जाळी टाकून पन्हळ काढली. धो धो पाऊस झाला त्या दिवशी पँट दुमडून ते दारात उभे राहिले. आत थेंब नाही. "जितं मया!" ते ओरडले, आणि रामफलला त्यांनी मिठीच मारली.

पण पावसापेक्षा त्यांना धास्ती अक्कांची. साताऱ्याच्या या थोरल्या बहिणीनं त्यांना लहानाचं मोठं केलेलं. अक्का म्हणजे सबनिसांचं सुप्रीम कोर्ट. आणि कोर्टाचा निरोप आला होता, "उंबरठा नसलेल्या घरात मी पाणी पिणार नाही."

वास्तुशांतीच्या दिवशी अक्का हळदकुंकू घेऊन दारात थबकल्या. "वासू, पूजा कशाची करू रे? लक्ष्मीनं यायचं कुठून?"

सबनीस त्यांच्यापुढे एरवी तोंड उघडत नसत. आज मान खाली घालून म्हणाले, "अक्का, आमच्या लग्नात कुसुम उंबरठ्यावर पडली होती."

कुसुमवहिनींचा उजवा पाय लहानपणच्या पोलिओनं अधू. नव्या नवरीनं उजव्या पायानं तांदळाचं माप लवंडायचं, तिथे त्या अडखळून पडल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक दारात चौकट धरायची, क्षणभर थांबायचं, मग पाय उचलायचा. मी शेजारी असून मला वाटे, वहिनींना दारात थांबून गप्पा मारायची सवयच आहे.

"आणि कुणीतरी अपशकुन म्हणालं होतं," सबनीस पुटपुटले.

"कुणीतरी कशाला? मीच म्हणाले होते," अक्का म्हणाल्या.

मग त्या गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसल्या. रांगोळीनं दारात एक सरळ रेघ ओढली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. स्वतःच्या हातानं तांदळाचं माप भरून रेघेपलीकडे ठेवलं.

"ये गं कुसुम. जमेल तो पाय लाव."

"उजवाच लावणार," वहिनी म्हणाल्या.

आणि असा काही लावला, की तांदूळ थेट हॉलच्या मध्यापर्यंत पसरले! पाठोपाठ वहिनी, चौकटीला हात न लावता. हॉल, स्वयंपाकघर, पार मागच्या दारापर्यंत त्या न थांबता गेल्या आणि तिथून मोठ्यानं हसल्या. सबनीस चष्मा काढून उघड उघड रडत होते.

अक्कांनी त्यांच्यापुढे हात पसरला.

"ते लिंबू दे इकडे. सरबत करू. तहान लागलीय मला."