दोन हिरव्या खुर्च्यांचा खुलासा

हेनिंग ब्राकेलमन हा सत्तावन्न वर्षांचा सुतार बेकार होता, आणि लाउकेनबर्ग शहराच्या रोजगार केंद्राला ही गोष्ट मान्य होती. मान्यता सहजासहजी मिळालेली नव्हती. शाळेचे बाक बनवणारा कारखाना एकतीस वर्षे राबवून घेऊन एका शुक्रवारी बंद पडतो, एवढ्याने जर्मनीत माणूस बेकार होत नाही. त्यासाठी एकोणीस पानांचा अर्ज लागतो, घरभाड्याचा करार लागतो आणि आपण खरोखरच काही करत नाही आहोत, हे सिद्ध करण्यासाठी बरीच धावपळ करावी लागते.

केंद्राच्या भिंतीवर 'आधार आणि अपेक्षा' असे लिहिलेले होते. आधार म्हणजे दरमहाचा भत्ता आणि घरभाडे. अपेक्षा म्हणजे उरलेले सगळे. महिन्याला दहा नोकऱ्यांसाठी अर्ज करायचे, टपाल रोज उघडायचे, गाव सोडायचे तर आधी परवानगी घ्यायची. हेनिंगने दोन वर्षांत दोनशे चाळीस अर्ज केले. त्यांपैकी एकसष्ट ठिकाणांहून उत्तरे आली आणि एकसष्टांनीही त्याला पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा दिल्या. एवढ्या शुभेच्छा त्याला लग्नातही मिळाल्या नव्हत्या.

त्याच्या मार्गदर्शक फ्राऊ टोनीस या मनाने चांगल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "हेर ब्राकेलमन, तुमची कामाची सवय सुटत चाललीय. तुम्हाला सराव-कंपनीत पाठवते."

"तिथं काय बनतं?"

"बागेतल्या खुर्च्या. तुम्ही लाकडातले आहात ना, संगणकानंच सुचवलं."

हेनिंगचा चेहरा उजळला. "म्हणजे रंधा घेऊन येऊ?"

"छे छे!" फ्राऊ टोनीस दचकल्या. "खुर्च्या नसतात. बाकी सगळं असतं."

आणि खरोखरच बाकी सगळे होते. 'सोननरूह बाग-फर्निचर' या कंपनीत चौतीस बेकार माणसे सकाळी आठला हजर होत. खरेदी विभाग होता, विक्री विभाग होता, तक्रार विभाग होता, कुंडीतले रबराचे झाड होते. वाढदिवस असेल त्याने स्वतः केक करून आणायचा, हा खऱ्या कचेरीतला रिवाज इथेही काटेकोर पाळला जाई. केक मात्र खरा असे. कंपनी तिसऱ्या गावातल्या सराव-कंपनीकडून लाकूड घेई, चौथ्या गावातल्या सराव-कंपनीला खुर्च्या विके, आणि यांतले काहीही कुठूनही कुठे जात नसे. नियम एकच होता: कंपनीने प्रत्यक्षात काहीही बनवायचे नाही. बनवले तर ज्यांचे खरे कारखाने आहेत त्यांच्याशी सरकारी खर्चाने स्पर्धा होते, आणि सरकार ते खपवून घेत नाही.

हेनिंगला माल-रवानगी विभागाचा प्रमुख करण्यात आले. ऑर्डर आली की चौदा दिवसांत रवानगीची चिठ्ठी पाठवायची. चुकले तर लेखी ताकीद. दोन ताकिदी म्हणजे असहकार, आणि असहकार म्हणजे भत्त्यात कपात. ती कपात खरी असे.

एका मंगळवारी ऑर्डर आली. दोन खुर्च्या, हिरव्या, हात टेकायला जागा असलेल्या. हेनिंगने चिठ्ठी लिहून पाठवली. आठवड्याने फोन आला.

"मी ओटीलिए ग्राम्स. चिठ्ठी मिळाली हो तुमची. अक्षर छान आहे. पण खुर्च्या कुठायत?"

हेनिंगने फोनवर हात ठेवून कंपनीचा संचालक एगबर्ट याला हाक मारली. एगबर्ट पूर्वी बँकेत होता, आता तोही बेकार होता. पण संचालकाचा टाय लावून दीड वर्ष बसल्याने त्याचा आवाज बदलला होता.

"एगबर्ट, ही बाई खुर्च्या मागतेय."

"कुठल्या सराव-कंपनीची?"

"कुठलीच नाही. खरी बाई आहे. दातांच्या डॉक्टरकडं आपलं माहितीपत्रक पडलं होतं म्हणे. तू दाढ काढायला गेला होतास ना?"

एगबर्टने गालावर हात ठेवला. "मग तक्रार म्हणून नोंदव आणि नव्यानं रवाना कर."

"काय रवाना करू?"

"चिठ्ठी!"

अशा तीन चिठ्ठ्या फ्राऊ ग्राम्सना गेल्या. तिसऱ्या खेपेला त्या फोनवर म्हणाल्या, "हे बघा, मी एक्याऐंशीची आहे. गावाबाहेर माझा बागेचा तुकडा आहे, तिथं वाफ्यात काम करते आणि गुडघे बोलायला लागले की बादली पालथी घालून बसते. बादलीवरनं उठता येत नाही मला. चिठ्ठीवर बसायचं कसं, तेवढं सांगा."

तक्रार विभागाच्या छापील उत्तरांत याचे उत्तर नव्हते.

यापुढे हेनिंगच्या हातून जे घडले त्याचे समर्थन करता येणार नाही. त्याने ऑर्डर पुरी केली. तो राहत असलेल्या इमारतीच्या तळघरात त्याची हत्यारे होती, कारखाना मोडताना आणलेल्या बीच लाकडाच्या फळ्या होत्या. दोन शनिवार त्याने एकही खिळा न वापरता सांधे बसवले, हिरवा रंग दिला आणि खुर्च्या सायकलच्या गाड्याला बांधून बागेत पोचवल्या. फ्राऊ ग्राम्सनी बसून पाहिले, उठून पाहिले, पुन्हा बसून पाहिले. पैसे त्याने घेतले नाहीत. त्यांनी काकडीच्या लोणच्याची बरणी जबरदस्तीने हातात दिली आणि चिठ्ठीसोबत आलेला अभिप्राय-तक्ता भरून टपालात टाकला. 'माल कसा वाटला?' यापुढे त्यांनी लिहिले: 'उठता येते.'

तेवढ्यावर हे प्रकरण दबलेही असते. पण शेजारच्या तुकड्याचे मालक हेर डिर्क्स यांची पलीकडच्या गावात सुतारकामाची छोटी कार्यशाळा होती. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले, मग खाली वाकून सांधे पाहू लागले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते हेनिंगच्या दारात उभे.

"माझे हात गेलेत संधिवातानं," ते म्हणाले. "असा सांधा घालणारा माणूस दहा वर्षं शोधतोय. येता का? पण आधीच सांगतो, पूर्ण पगार मला परवडायचा नाही. लांब काळ बेकार असलेल्याला घेतलं तर पहिलं वर्षभर अर्धा पगार सरकार देतं ना, तेवढं जमलं तर सोमवारपासून या."

सत्तावन्नाव्या वर्षी कोणी आपल्याला 'या' म्हणेल, ही आशा हेनिंगने सोडलेली होती. दार लावून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून त्याने उगाचच दोनदा तोंड धुतले.

फ्राऊ टोनीस तर आनंदाने उभ्याच राहिल्या. "पाहिलंत? सराव कामाला आला!" त्यांनी अर्ज काढला. सगळे रकाने भराभर भरले गेले. चौदाव्यात प्रश्न होता: 'गेल्या बारा महिन्यांत अर्जदाराने काही उत्पादक काम केले आहे काय?'

तिथे 'नाही' लिहायचे असते, हे लाउकेनबर्गमध्ये शाळकरी पोरही सांगेल. पण कागदावर प्रश्न विचारला की खरे उत्तर द्यायचे, अशा घरात हेनिंग वाढला होता. त्याने लिहिले: 'दोन खुर्च्या.'

फ्राऊ टोनीसनी चष्मा काढला. "हे काय केलंत हो तुम्ही?"

"खुर्च्या केल्या."

"ते नाही म्हणत मी. लिहिलंत कशाला?"

कारण लिहिल्यामुळे खुर्च्या अस्तित्वात आल्या होत्या. हेनिंगने खुर्च्या केल्या असतील, तर तो काम करत होता. काम करत असेल, तर बेकार नव्हता. बेकार नसेल, तर अर्धा पगार मिळणार नव्हता, आणि वर गेल्या वर्षाच्या भत्त्याची चौकशी होणार होती. काकडीची बरणी हा वस्तुरूप मोबदला ठरत होता. शिवाय जी सराव-कंपनी माल पोचवते ती सराव-कंपनी राहत नाही, नुसती कंपनी होते. म्हणजे चौतीस बेकारांची हजेरी रद्द, आणि एगबर्ट विनापरवाना संचालक. एगबर्टने त्या दिवशी टाय काढून खिशात ठेवला.

नियमानुसार नुकसान झालेल्या स्पर्धकाचे म्हणणे ऐकणे आवश्यक होते. बागेच्या खुर्च्या करणारा परिसरातला एकमेव व्यावसायिक म्हणजे हेर डिर्क्स. त्यांना बोलावण्यात आले.

"माझं काही नुकसान झालेलं नाही," डिर्क्स म्हणाले. "मी तर ह्यांना कामावर घेतोय."

"तुमचं नुकसान झालंय की नाही, हे तुम्ही ठरवायचं नसतं," फ्राऊ टोनीस म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचाच आवाज पडला. मनाने चांगल्या असल्यामुळे त्यांनी शनिवार-रविवार घालवून नियमावली चाळली आणि वाट शोधून काढली. सराव-कंपनीला प्रशिक्षणासाठी नमुने करण्याची मुभा होती, मात्र ते वापरायोग्य असता कामा नयेत. "म्हणजे त्या खुर्च्या नसल्या," त्या म्हणाल्या, "की सगळं सुरळीत!"

म्हणून गुरुवारी सकाळी बागेत पाहणी ठेवण्यात आली. कारागीर मंडळाचा एक तज्ज्ञ टेप घेऊन आला. एका खुर्चीवर फ्राऊ ग्राम्स घेवडा सोलत बसल्या होत्या. तज्ज्ञाने दुसरी खुर्ची मोजली, उलटी केली, हलवली, शेवटी तिच्यावर उभा राहून उड्या मारल्या.

"काही दोष?" फ्राऊ टोनीसनी आशेने विचारले.

"नाही हो," तज्ज्ञ ओशाळून म्हणाला. "मीच दोन घेतल्या असत्या."

"थोडीशी डुगडुगते का?"

"जमीन डुगडुगेल एक वेळ."

फ्राऊ ग्राम्सनी घेवडा खाली ठेवला. "काय चाललंय काय तुमचं?"

"फ्राऊ ग्राम्स, ही खुर्ची आहे की नाही, ते ठरायचंय."

"मग मी इतके दिवस कशावर बसलेय?"

"तुम्ही नमुन्यावर बसलेल्या आहात. खरं तर बसायला नको होतं."

"अगो बाई, कधी टेकली होतीस का ग आयुष्यात बादलीवर?" म्हातारीने विचारले.

फ्राऊ टोनीसनी नियमावलीचे पान उलटले. तज्ज्ञाला दोष सापडत नसेल, तर नियमात शेवटचा उपाय होता तो खुद्द बनवणाऱ्याच्या लेखी कबुलीचा. त्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर फाइल घेतली आणि मजकूर लिहू लागल्या: 'सदर दोन वस्तू बसण्याच्या हेतूने बनवलेल्या नसून बसण्यास अयोग्य आहेत.' खुलासा दोन पानांचा झाला. तासभर लागला. उठताना त्यांनी नेहमीसारखी कंबर धरली नाही, हे त्यांच्याही लक्षात आले नाही.

कागद हेनिंगपुढे आला.

"मी असं लिहून देऊ?" तो म्हणाला. "एकतीस वर्षांत एक बाक परत आला नाही माझा."

डिर्क्सनी त्याला वाफ्याच्या कडेला नेले. "करा हो सही. ती खुर्ची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक असायची काय गरज?"

"आणि म्हातारीला?"

"तिचं काय?"

"तिनं ऐकलंय सगळं."

डिर्क्सनी आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिले. "ब्राकेलमन, मी आणखी दहा वर्षं शोधू शकत नाही. तुम्ही शोधू शकाल?"

हेनिंग परत आला. फ्राऊ ग्राम्स त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने टेकायला म्हणून खुर्चीच्या हातावर कागद ठेवला. हात इतका सपाट होता की सही झकास आली.

आता, बनवणाराच ज्यांना अयोग्य म्हणतो त्या वस्तू एक्याऐंशी वर्षांच्या बाईपाशी ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने शक्य नव्हते. त्या हलवण्याची जबाबदारी ओघानेच रवानगी विभागप्रमुखावर आली. फ्राऊ ग्राम्सना हाताला धरून उठवण्यात आले. हेनिंगने खुर्च्या सायकलच्या गाड्याला बांधल्या. दोरीला गाठ मारताना त्याने मान वर केली नाही.

"काकड्या संपल्या का रे?" मागून त्यांनी विचारले.

"नाही. बरणी जप्त झाली."

सोमवारी तो कामावर रुजू झाला. केंद्राच्या अहवालात एक यशस्वी नियुक्ती वाढली, तिचे श्रेय सराव-कंपनीला मिळाले, एगबर्टने टाय पुन्हा लावला, आणि अपुऱ्या राहिलेल्या ऑर्डरपोटी फ्राऊ ग्राम्सना चौथी चिठ्ठी रवाना झाली. खुर्च्या पुरावा म्हणून केंद्राच्या तळघरात आहेत. दुपारच्या सुट्टीत त्या रिकाम्या सापडत नाहीत, असे म्हणतात.

हेनिंगने सही करायला नको होती, असे आपले मत पडेल. ते रास्त आहे. आपण केलेले चांगले काम चांगले नव्हतेच, अशा कागदावर ज्यांनी पगारासाठी आजवर एकदाही सही केली नसेल, त्या वाचकांनी कृपया उभे राहावे. बागेत फ्राऊ ग्राम्स उभ्याच आहेत, त्यांना सोबत होईल.

बाकीच्यांनी बसून राहायला हरकत नाही.