कार्डिफला न गेलेला नवरा

शुक्रवारी सकाळी उकडलेल्या अंड्याचं टरफल काढता काढता मी बायकोशी खोटं बोलायचं ठरवलं. ठरवलं कसलं, तोंडातून निघूनच गेलं. नेस्टा म्हणाली, "आज आई येतेय. रविवारपर्यंत आहे." मी म्हणालो, "अरेरे, मला नेमकं आजच ऑफिसच्या ट्रेनिंगला कार्डिफला जायचंय." (आमच्या ऑफिसात कुणी कुणाला काही शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.)

सासूबाईंबद्दल मला आदर आहे. तो लांबून जास्त टिकतो. त्या लॅम्पिटरहून आल्या की मी पावाला लोणी किती लावतो याच्यावर त्यांची नजर. कॉयरमधल्या गाण्याची तयारी करायला मी तोंड उघडलं की त्या उठून खिडक्या लावून घेतात. शेजाऱ्यांची दया येते म्हणून. मला दोन दिवस शांतता हवी होती, बाकी काही नाही.

पण याच शनिवारी आमच्या स्वान्सीच्या किनाऱ्यावर विमानांच्या कसरती होत्या, हे माझ्या साफ लक्षातून गेलं. अर्धं वेल्स आणि सगळं बर्मिंगहॅम येऊन थडकलं होतं. समुद्रकाठच्या एकूण एका गेस्ट हाऊसच्या खिडकीत 'जागा नाही' ही पाटी. आपल्याच गावात, आपल्या पलंगापासून हाकेच्या अंतरावर, हातात बॅग घेऊन मी दारोदार फिरत होतो. एका बाईंनी प्रेमानं विचारलं, "कुठून आलात?" मी म्हणालो, "स्केटीहून." (म्हणजे याच गावातून, वरच्या अंगानं.) त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी किनाऱ्याच्या पार टोकाला, मम्बल्सला, मिसेस बेनन यांच्याकडे कुणीतरी आयत्या वेळी येणं रद्द केलं होतं. मागची खोली, खिडकीतून कचऱ्याच्या डब्यांचं दर्शन. मी राजासारखा झोपलो.

सकाळी नाश्त्याला खाली उतरलो. मिसेस बेननबाईंनी बेकन, तिसऱ्या आणि लेव्हरब्रेड म्हणजे समुद्रशेवाळाचा काळाशार लगदा समोर ठेवला. टेबलाच्या पलीकडे कुणीतरी वर्तमानपत्र धरून बसलं होतं. पत्रामागून एक हात आला आणि टोस्टवर पातळसं लोणी फिरवायला लागला. तो हात मी ओळखला. पत्र खाली आलं. सासूबाई!

माझी पाचावर धारण बसली. त्यांचीही सुरी थांबली.

"तू कार्डिफला आहेस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आमच्या घरी आहात," मी म्हणालो.

"गुडघा दुखतोय म्हणून येत नाही, असं कळवलंय मी नेस्टाला. मला विमानं बघायची होती. तुझं गाणं नव्हतं ऐकायचं."

म्हणजे नेस्टा बिचारी घरी एकटी! मला एकदम भरून आलं. मी तिथूनच फोन लावला. (कार्डिफहून बोलतोय असा आवाज काढून. तो कसा काढतात विचारू नका.)

"काय करतेस गं एकटी?"

"एकटी कशानं? आई आलीय ना काल," नेस्टा म्हणाली. "आत्ताच नाश्ता झाला आमचा. तू घाई करू नकोस हं. सोमवारी आलास तरी चालेल."

"आई... बऱ्या आहेत ना?"

"ही काय, समोरच बसलीय."

समोर बसलेल्या सासूबाईंनी माझ्या ताटातलं बेकन उचललं. तेवढ्यात फोनमध्ये, मागून, एका पुरुषाचा आवाज आला: "नेस्टा, टॉवेल कुठे ठेवलेत?" आणि फोन बंद झाला.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी बेकन खाली ठेवलं. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"बॅग घे," त्या म्हणाल्या.

किल्ल्या परत केल्या. दारातच एक जोडपं जागा विचारत उभं होतं, ते आमच्याकडे देवदूत भेटल्यासारखं बघायला लागलं. बसमध्ये मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. नेस्टाशिवाय मला मोजेसुद्धा सापडत नाहीत. पण मोज्यांचं जाऊ द्या, ती नसेल तर त्या घरी जायचं कशाला?

"मी तिला लग्नाआधीच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तेच."

मी घरची बेल वाजवली. दार एका धिप्पाड टकल्या माणसानं उघडलं. अंगात माझा गाऊन, हातात माझा मग.

"या या! तुम्हीपण विमानं बघायला का?"

"हा गाऊन..." मी म्हणालो.

"मालकीणबाईंनी दिला. मिस्टरांचा होता." त्यानं आवाज खाली आणला. "वारले ते. पाहुणे ठेवून दिवस काढतात हो बिचाऱ्या."

त्याच्यामागून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली त्याची बायको जिना उतरली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. इतका, की आपण वारलोय हे जरा उशिरानंच लक्षात आलं.

इतक्यात स्वयंपाकघरातून नेस्टा आली, हातात तव्यावरच्या गरम केकचा ट्रे. तिनं मला पाहिलं. आईला पाहिलं. ट्रे जरासुद्धा हलला नाही.

"ओळखीचे आहेत का?" टकल्यानं विचारलं.

आता ती तरी काय बोलणार? वारलेला नवरा दारात उभा, आणि सांत्वन करणारा पाहुणा त्याच्यासमोर.

"नाही हो," नेस्टा म्हणाली. "जागा विचारायला आले असतील." मग आमच्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "माफ करा, घर भरलंय. मम्बल्सला मिसेस बेनन म्हणून आहेत, तिथं बघा विचारून."

दार लागलं.

"हुशार आहे पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर गेलीय."

मिसेस बेननबाईंकडे आमच्या दोन्ही खोल्या केव्हाच गेल्या होत्या. माळ्यावरची एक चिंचोळी खोली उरली होती, एकच पलंग. सासूबाईंनी हात पुढे करून किल्ली घेतली.

"आणि मी?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समुद्र पार क्षितिजापर्यंत मागे गेला होता आणि नजर पोचेल तिथवर ओली वाळू पसरली होती.

"ओहोटी आहे," त्या म्हणाल्या. "जागाच जागा आहे."

भरती किती वाजता येते, ते मी त्यांना विचारलं. त्यांना ठाऊक होतं. सांगितलं नाही.