आप्पासाहेबांनी ब्लॉगची सर्व्हिसिंग केली

"ब्लॉगची सर्व्हिसिंग? त्यात काय! घंटाभराचं काम हाय!"

आप्पासाहेबांनी सकाळी चहा पिता पिता हे जाहीर केलं आणि त्यांच्या मंडळींनी, म्हणजे विजयमालाकाकूंनी, तिथंच ओळखलं की आजचा दिवस काही सुखाचा जात नाही. मागं अशीच त्यांनी मिक्सरची सर्व्हिसिंग केली होती. तेव्हापासून त्या घरात वाटण पाट्यावरच होतं.

आता वरकुटे गावच्या शेतकऱ्याचा ब्लॉग कुठनं आला, असं तुम्ही विचाराल. तर आप्पासाहेबांची पेरूची बाग. लेक प्रतिक्षा कॉलेजात होती तेव्हा तिनं बापाला 'आप्पांची पेरूबाग' नावाचा ब्लॉग काढून दिला. छाटणी कधी करायची, फळाला पिशवी कधी घालायची, हे आप्पासाहेब बाजेवर बसून सांगायचे आणि ती टाईप करायची. इंदापूर-बारामतीकडचे बागायतदार आवडीनं वाचायचे. त्यात पोरीनं एक गंमत करून ठेवली होती. ब्लॉगच्या डोक्यावर एक बटण. दाबलं की तिचा आवाज यायचा, "राम राम मंडळी! आप्पा बागेत गेल्यात, येतीलच. तवर तुमी वाचत बसा!"

पुढं प्रतिक्षा लग्न होऊन बारामतीला गेली. नोकरी लागली, पोरगं झालं. आप्पासाहेब दोन बोटांनी टाईप करायला शिकले. आणि रोज सकाळी बागेत जायच्या आधी ते बटण एकदा दाबायला लागले.

"चालतंय का बघतो," म्हणायचे.

"बघा, बघा," काकू गॅसकडं तोंड करून म्हणायच्या.

आवाज फोनवरही ऐकता आला असता की! पण फोनवरची प्रतिक्षा सदा घाईत. "आप्पा, मीटिंग हाय, नंतर करते!" बटणातली प्रतिक्षा कधीच घाईत नसायची.

आणि परवा काय झालं, बटण दाबलं तर आवाजच नाही! परत दाबलं. फुंकर मारून दाबलं. शेवटी लॅपटॉप उन्हात नेऊन दाबलं. नाही म्हणजे नाही! खाली इंग्रजीत एक तांबडी पट्टी आली. तिचा अर्थ एवढाच की हे प्लगइन फार जुनं झालंय आणि बनवणाऱ्यानं त्याचा नाद सोडलाय.

प्लगइन म्हणजे काय? ट्रॅक्टर एकच, पण मागं नांगर जोडला तर नांगरतो आणि रोटर जोडला तर माती भुसभुशीत करतो. तसंच हे. ब्लॉगला मागनं जोडायची अवजारं.

"पोरीला बोलवा की," काकू म्हणाल्या.

"ती काय येती! 'यायचं बघते, आप्पा' म्हणती. दिवाळीपासनं बघतीच हाय." आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. "मी करतो. मला काय येत न्हाय व्हय?"

माणूस कालव्याच्या पाण्यावर वाढलेला! पाण्याची पाळी आली की विचार करत बसायचं नाही, सगळी दारं उघडायची, नाहीतर पाणी पुढच्याच्या रानात जातं, हे अंगात भिनलेलं. त्यांनी प्लगइनांची यादी उघडली. बरीचशी जुनी होती, काही बंद होती. आप्पासाहेबांनी सगळ्यांवर खुणा केल्या आणि जे अपडेट होईल ते अपडेट केलं, जे बंद दिसलं ते धडाधड चालू केलं. "घ्या पाणी!" म्हणाले आणि बटण दाबून बघितलं.

आवाज काही आला नाही. फोन मात्र आला.

"आप्पासाहेब," शेजारच्या बागेतले महिपती तात्या विचारत होते, "साखरपुडा कुणाचा हो? तुमाला तर एकच पोरगी हाय!"

"कसला साखरपुडा?"

"तुमीच तर बोलावलंय! आत्ता मोबाईलवर आलं!"

झालं होतं ते असं. त्या बंद प्लगइनांत एक होतं वाचकांच्या मोबाईलवर लेख धाडणारं. ते मध्येच नीट चालेना म्हणून प्रतिक्षानं कधीच झोपवलं होतं. आप्पासाहेबांनी त्याला उठवलं आणि पठ्ठ्यानं इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम सोडून दिलं! त्यात एक लेख होता : 'कळविण्यास आनंद होतो की येत्या रविवारी आमच्या कन्येचा साखरपुडा आहे. सर्वांनी जेवायला यावे.' तारीख नाही. रविवार कुठला ते तेव्हा साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. मुलाचंही नाव नाही. साखर पडायच्या आत जावयाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, नजर लागते, असं काकूंनीच तेव्हा बजावलं होतं!

"तात्या, साखरपुडा-बिखरपुडा काय बी न्हाय! सगळ्यांना सांगा, न्हाय म्हनून!"

तात्या सरळ मनाचा माणूस. त्यांनी पारावर जाऊन जड आवाजात सांगितलं, "मोडला." कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

आप्पासाहेब लेख पुसायला धावले, तर ब्लॉग पांढराफटक! अक्षर नाही, पेरू नाही, काहीच नाही. एवढ्यात मांडववाल्या लखनचा फोन. "आप्पा, मोडलेलं जुळतंय कधी कधी. मांडव धरून ठिवू का?" तो ठेवतायत तोवर नरसिंहपूरहून प्रतिक्षाच्या सासूबाई, चंद्राबाई!

"इवाई," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनंचा साखरपुडा हाय म्हनं रविवारी. आमालाबी आवतान द्यायचं की! आमच्या सौरभला नवी कापडं घेऊ, का नवरदेव दुसरा हाय?"

आप्पासाहेबांना दरदरून घाम फुटला. "इहीनबाई, त्ये... प्लगइन जुनं झालंय!"

"कोन जुनं झालंय?" चंद्राबाईंचा आवाज चढला.

दुपारपर्यंत ओसरीवर सांत्वनाला माणसं जमली. जो तो आप्पासाहेबांच्या पाठीवर हात ठेवून "जाऊ द्या, पोरीचं नशीब" म्हणायचा आणि चहा प्यायचा. काकूंचा साखरेचा डबा रिकामा झाला, तरी सांत्वन संपेना! आप्पासाहेब कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, आजारी वासरू घेऊन बसावं तसे.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. जावई सौरभ खाली उतरला तो हसू दाबतच. मागनं कडेवर लहानग्या राजवर्धनला घेऊन प्रतिक्षा आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा! माझं लगीन ठरलंय का मोडलंय, एवढंच सांगा! सकाळपासनं ऑफिसात काम करू दिलं न्हाय कुणी!"

ओसरीवर एकदम खसखस पिकली. सौरभनं आपल्या आईला फोनवर समजावायची जबाबदारी घेतली. महिपती तात्यांनी कान पकडले, आणि उरलेला चहा पिऊनच उठले.

माणसं गेल्यावर प्रतिक्षा बापाशेजारी बाजेवर बसली. "पर तुमी करत काय हुता?"

"सर्व्हिसिंग."

"कशाला?"

आप्पासाहेब चष्म्याची काडी नीट करायला लागले. काकूच म्हणाल्या, "तुझा आवाज बंद पडला, म्हनून. रोज ऐकत्यात त्ये."

"वाचक विचारत्यात गं," आप्पासाहेब घाईघाईनं म्हणाले.

"किती वाचक?"

"हायती... एक."

प्रतिक्षानं नाक ओढलं, पोराला आप्पासाहेबांच्या मांडीवर दिलं आणि लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. मग एकेक मेलेलं प्लगइन काढलं, पांढरं पान पुन्हा पेरूंनी भरलं. "आवाज कुठं जातोय, आप्पा! वाजवणारं तेवढं जुनं झालं हुतं. आवाज हितंच हाय." आणि तिनं बटण दाबलं.

"राम राम मंडळी! आप्पा बागेत गेल्यात, येतीलच..."

राजवर्धन चमकून आईच्या तोंडाकडं बघायला लागला. तोंड तर मिटलेलं! त्यानं आजोबाच्या पाठीमागं वाकून शोधलं. आप्पासाहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पोराच्या टोपड्याला पुसले.

चहा झाला, म्हणजे गुळाचा झाला. ऊन उतरलं. सौरभ गाडीकडं निघाला.

"आता कायमचं नीट केलंय, आप्पा," प्रतिक्षा चप्पल घालता घालता म्हणाली. "जुनं एकबी ठिवलं न्हाय. इथनं पुढं काय बिघडायचं न्हाय."

"बरं झालं," आप्पासाहेब म्हणाले. फाटकापर्यंत बरोबर गेले. गाडीचं दार धरून जरा घुटमळले.

"सगळीच काढलीस व्हय? एखादं ठिवायचं हुतंस की जुनं."

"आन ते कशाला?"

"आसावं गं," आप्पासाहेब गाडीच्या काचेवरची धूळ पुसत म्हणाले. "बिघडायला."