रूबेनसाहेबांचा करारनामा

ज्या हॉकी क्लबाकडे धड चेंडूसुद्धा एकच होता, त्या क्लबातल्या प्रत्येक खेळाडूचा करारनामा होता. हे फक्त आमच्या पनवेलात होऊ शकत होतं, कारण क्लबाचे सेक्रेटरी रूबेनसाहेब होते. ते कोर्टात नकलनवीस. दिवसभर दुसऱ्यांचे दस्त उतरवून काढायचे आणि संध्याकाळी आमचे लिहायला बसायचे.

मी लेफ्ट हाफ खेळायचो. माझ्या करारात नऊ कलमं होती. ‘सदर खेळाडूने सामन्याच्या दिवशी वालाचं बिरडं खाऊ नये.’ ‘सदर खेळाडूने पंचाचा उद्धार मनातल्या मनात करावा.’ पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे करार मोडला तर काय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “मोडू नये, एवढंच.”

पण जन्मभर कागदात वावरलेल्या या माणसाचा कागदावर विश्वास नव्हता. कुणी काहीही ठरवून आलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “तोंडी विचारलंय का?” या एका प्रश्नानं त्यांनी आमच्या क्लबाचे जेवढे घोळ केले, तेवढे विरुद्ध संघांनाही जमले नसते.

त्या वर्षी उरणच्या संघाला गोलकीपर हवा होता आणि आम्हाला लेफ्ट आउट. आमचे अध्यक्ष अण्णाशेट, भातगिरणीचे मालक. त्यांनी उरणच्या अध्यक्षांबरोबर एस. टी. स्टँडवर चहा घेतला आणि तेवढ्यात अदलाबदल ठरवली. आमचा दत्तू म्हात्रे तिकडे, त्यांचा याकूब इकडे.

“तोंडी विचारलंय का?” रूबेनसाहेब म्हणाले.

“कुणाला?”

“दत्तूला. याकूबला.”

“त्यांना काय विचारायचं? खेळायचंच आहे ना?” अण्णाशेट म्हणाले.

रूबेनसाहेबांनी टोपी घातली आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

दत्तू अण्णाशेटच्याच गिरणीत पोती उचलायचा. साहेबांनी त्याच्यासमोर नवा करारनामा वाचायला घेतला. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’ ऐकून तो घाबरला.

“मी काय बैल हाय का सायेब, बदलाबदली कराया?”

“म्हणून तर विचारतोय. तुझी हरकत आहे का?”

“नाय.”

“म्हणजे जायचंय?”

“तसं नाय.”

“मग राहायचंय?”

“तसंबी नाय.”

मी पोत्यावर बसून घेतलं. साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं दत्तू खाली बघत म्हणाला, “आय उरणाकडं गावाला एकटी हाय. तिला आता दिसत नाय. उरणात मिठागरावर काम मिलंल. पन शेट सोडनार नाय, म्हनून बोललो नाय.”

पुढच्या रविवारी आम्ही उरणला गेलो. याकूब शिंपी. त्यानं मशीन थांबवून आमचं सगळं ऐकलं आणि हात जोडले.

“साहेब, मेहेरबानी करा. माझी सासुरवाडी पनवेलला आहे. मॅचला आलो की सासरे जेवायला बसवणार. नाही जेवलो तर ते नाराज, जेवलो तर मी पळणार कसा?”

परत येताना मी गोंधळून गेलो होतो. ज्याला द्यायचा त्याला जायचं होतं. ज्याला आणायचा त्याला यायचं नव्हतं. रूबेनसाहेबांना यात काहीच अडचण दिसत नव्हती. त्यांनी दत्तूला मोकळं केल्याचं पत्र लिहिलं, अण्णाशेटपाशी दोन दिवस बसून त्याला गिरणीतूनही सोडवलं, आणि याकूबला होता तिथेच ठेवला.

“याला अदलाबदल म्हणतात?” अण्णाशेटनी विचारलं.

“नाही.”

“मग काय म्हणतात?”

साहेबांनी विचार केला. “चौकशी.”

अण्णाशेट भडकले. म्हणाले, आता गोलमध्ये तुम्हीच उभे राहा. आणि पन्नाशी उलटलेले रूबेनसाहेब, कोर्टाच्या कोटावर पॅड बांधून, खरंच उभे राहिले. सामना उरणशीच होता. आम्ही सात गोलांनी हरलो. समोरच्या गोलमध्ये दत्तू एकही चेंडू आत जाऊ देत नव्हता, आणि त्यानं अडवलं की आमचे साहेब इकडून टाळ्या वाजवत होते. त्या नादात दोन गोल झाले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी अण्णाशेटनी मला रूबेनसाहेबांच्या घरी पाठवलं. सेक्रेटरीपद सोडल्याच्या कागदावर सही आणायची होती. घरात ते एकटेच होते. आदल्या वर्षी त्यांचे दोन्ही भाऊ बायकामुलांसकट इस्राएलला गेले होते. खिडक्यांना पडदे नव्हते, ते बहुधा भावजयांनी नेले असावेत. साहेब कालचा गार चहा पीत होते.

“सही उद्या,” ते म्हणाले. “आज शब्बाथ. लिहायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही.”

“मग इतके दिवस शनिवारचा चहा?”

“दत्तू गिरणीत जाताना स्टोव्ह पेटवून जायचा. सांगावं लागायचं नाही. आणि सांगायचं नसतंच आम्ही. बसायचाही थोडा वेळ.”

“हे त्याला जाताना बोललात?”

“विचार त्याच्या जाण्याचा चालला होता,” ते म्हणाले. “माझ्या चहाचा नव्हता.”

मी कागद खिशातच राहू दिला. स्वयंपाकघरात गेलो, काड्यापेटी शोधली आणि स्टोव्हला पंप मारू लागलो. बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रूबेनसाहेब दारात येऊन उभे राहिले, पण स्टोव्हकडे बघेनात.

“वसंता,” ते म्हणाले, “तुला घाई तर नाही ना?”