राजस्थान आघाडीवर धान

माझ्या हातून चूक होत नाही. ही बढाई नव्हे, माहिती आहे! नागपूरच्या एका दैनिकाचा मी पवनीचा वार्ताहर. रोज संध्याकाळच्या एसटीत बातम्यांचं पाकीट टाकतो, आणि त्या पाकिटातला मजकूर कुणी खोडून काढल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच बहात्तरच्या गणपतीत आमच्या चौकातल्या मंडळाने युद्धाचा देखावा केला, तेव्हा मी जे दिसलं तेच लिहिलं. रणगाड्याला बैलगाडीची चाकं होती. जवानांच्या अंगावर बँडवाल्यांचे लाल कोट होते. शत्रूचा सेनापती म्हणजे दसऱ्याचा रावण होता, नऊ डोकी काढलेला!

मंडळाचे अध्यक्ष धनीराम. चौकात त्यांचं किराणा दुकान. त्या बातमीपासून ते मला साखर मोजून देताना दाणा दाणा मोजल्यासारखी देत. त्र्याहत्तरच्या पोळ्याला त्यांनी भर दुकानात मला गाठलं.

"वार्ताहरसाहेब, लिवाले काय जाते? औंदा तुमीच करून दाखवा ना देखावा!"

"करतो!"

"आन् चूक निंघाली तं?"

"निघणारच नाही."

"निंघाली तं इसर्जनाच्या मिरवणुकीत बँडाम्होरं नाचा लागंन. मंडपापासून थेट वैनगंगेपावतर!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी नाचत नाही, हे साऱ्या पवनीला ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा मी बाजूला उभा राहून बँडवाल्यांची नावं लिहून घेत होतो.

"कबूल!" मी म्हणालो. "पण चूक नाही निघाली, तर तुम्ही लाऊडस्पीकरवरून सांगायचं, गेल्या वर्षीची बातमी बरोबर होती म्हणून."

"कबूल! आन् चूक पाहाले सानगडीचे सुभेदार परसराम येतीन. राजस्थान आघाडीवरूनच रिटायर होऊन आले ते."

झालं! मी आघाडीही राजस्थानचीच निवडली. वाळवंट दाखवायला वैनगंगेची वाळू हवी तेवढी. प्रमाण ठरवलं एका फुटाला एक इंच. सहा फुटी जवान सहा इंचांचा, त्याची बंदूक त्याच हिशेबात, बंदुकीचा पट्टा त्याच हिशेबात. साप्ताहिकांतली छायाचित्रं कापून भिंतीवर लावली. तळ्याची चिकणमाती आणली. आत तारेचा सांगाडा, सांगाड्याभोवती तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वेढा, त्यावर माती. तणीस शेजारच्या बायजाबाईंच्या गोठ्यातून आली.

"ने ना बाबू, किती पायजे तितकी ने," त्या म्हणाल्या. "गाईच्या पोटात गेली काय न् फौजीच्या पोटात गेली काय!"

दुसरा कुणी असता तर दोन दिवसांत पलटण उभी करून मोकळा झाला असता. पण मला खांद्यावरच्या पट्टीची शिवण दिसायला हवी होती. शिवण कोरायची तर माती ओली हवी. म्हणून मी जवानांना ओल्या पोत्याखाली झोपवलं. सकाळी बटणं कोरायची, पोतं. दुपारी पाण्याच्या बाटलीचं झाकण कोरायचं, पोतं. हवालदाराच्या मिशा तर मी चार वेळा उपटून पुन्हा लावल्या.

"अजी, त्याच्या मिशाईपायी घरची आंघोळ राहून गेली," आमच्या मंडळी, निर्मलाबाई, म्हणाल्या. "अन् हे पोतं रोज कायले भिजवून राहिले?"

"माती वाळली तर भेगा पडतात."

"अन् नाई वाळली तं?"

या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. विचारणाऱ्याने कधी मूर्ती घडवली नव्हती, मी घडवत होतो!

स्थापनेचा दिवस जवळ आला तरी जवान दमटच होते. बाहेर पाऊस, आत पोतं. पण छपाईची वेळ झाली की मजकूर असेल तसा सोडायचा, ही आमच्या धंद्यातली शिस्त. मी ओल्या मातीवरच तैलरंगाचा हात मारला. गणवेश शेवाळी, पट्टे खाकी, बूट काळे. मंडपात वाळू चाळून पसरली, टेकड्या केल्या, रणगाडा ठेवला (चाकांवर साखळी, बैलगाडीशी कसलाही संबंध नाही!) आणि पलटण मोर्च्यावर लावली. पहिल्या दिवशी लोक बघत राहिले. धनीराम तर बघता बघता सुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराच्या कानातून काहीतरी हिरवं बाहेर आलेलं दिसलं.

मला वाटलं, ब्रशाचा केस. चिमटीत धरून ओढला. केसाबरोबर कान आला!

तो केस नव्हता. त्याला खाली पांढरी मुळी होती. मी खाली वाकून पलटणीची पाहणी केली. रणगाड्याशेजारच्या जवानाच्या नाकपुडीत हिरवं. बंदूकधाऱ्याच्या बगलेत हिरवं. नायकाच्या हेल्मेटला मधोमध भेग आणि भेगेतून असा तुरा, की लग्नाला निघालेला नवरदेव वाटावा!

निर्मलाबाईंना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली आणि पदर तोंडाला लावला.

"अजी, तुमच्या फौजीले तं धान उगवला! पोत्याखाली पऱ्हे टाकल्यावानी निंघाला!"

तणशीत दाणे राहिले होते. त्यांना मी दिवसेंदिवस पाणी पाजलं, ऊब दिली, वरून रंगाचं पांघरूण घातलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उगवायला शेतकऱ्याने जे करावं ते सगळं, अगदी बिनचूक!

उपटावं तर अवयव हातात येत. निर्मलाबाईंनी कात्री आणली. सगळ्यांची हजामत झाली. दुसऱ्या दिवशी दुप्पट वाढलं! मग कुणाच्या तरी सल्ल्याने गल्लीतल्या नत्थूची शेळी आणली. ती हळूहळू शेंडे खुडेल असा अंदाज होता. तिने हवालदाराचं डोकं चार वेळा लावलेल्या मिशांसकट खाल्लं. राजस्थान आघाडीवरची आमची ही पहिली जीवितहानी!

एव्हाना बातमी गावात फुटली होती. ती मी पाठवलेली नव्हती, तरी आसपासच्या खेड्यांपर्यंत पोचली. बैलगाड्या भरभरून लोक येऊ लागले. युद्धाकडे कुणी बघेना. सगळे वाकून पीक बघत.

"लुचई जातीचा धान हाय जी हा."

"हट्! लुचई इतका भर्रदिशी येते का? हिरानक्की हाय."

"माह्या बांधीत तीनदा टाकला, नाई उगवला. अन् याच्या टकुऱ्यावर पाहा!"

"खत कोन्तं टाकलं, साहेब?"

"हे युद्ध आहे!" मी ओरडलो. "शेत नाही! तो रणगाडा बघा, त्याची साखळी बघा!"

"ट्रॅक्टर बी मस्त हाय," एक म्हातारा म्हणाला.

मग बायजाबाई आल्या. आधी त्यांना राग आला, कारण निर्मलाबाईंच्या तोंडून तणशीत दाणे राहिल्याचं निघालं होतं.

"माह्या चुरण्यात, माह्या मळनीत दाना राह्यते? सारी पवनी सांगंन, बायजाबाईची तणीस म्हंजे निरी गवत!"

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी वाकून निरखलं. राग गेला, डोळे चमकले. "धान तं माहाच हाय," त्या म्हणाल्या. "मंग पीक बी माहंच! माह्या बांधीत खाडे पडले हायेत, इसर्जन झालं का सारी पलटण तिथं रोवतो."

तिकडे धनीरामांनी वारं ओळखलं. एवढी गर्दी त्यांच्या मंडपात रावणालाही झाली नव्हती. त्यांनी लाऊडस्पीकर हातात घेतला. "या हो या! वार्ताहरसाहेबाच्या कल्पनेतला देखावा पाहा! जय जवान, जय किसान! जवानाच्या अंगावर किसानाचा धान!" टाळ्या पडल्या. बायका जवानांना हळदकुंकू लावू लागल्या. जो माणूस माझी चूक काढायला टपला होता, तोच ती झाकू लागला!

पाचव्या दिवशी सुभेदार परसराम आले. काठी, पांढऱ्या मिशा, छातीवर पदकं. मंडप खच्चून भरला. सुभेदार वाळूशी उकिडवे बसले आणि एकेक जवान तपासू लागले.

"बटणं बरोबर."

मी मान ताठ केली.

"पट्टा बरोबर. बाटली डाव्या बाजूले, बरोबर. खांद्याची शिवण बी देल्ली! शाबास, जवान!" मग त्यांनी काठीने नायकाच्या डोक्यावरचा तुरा हलवला. "और ये क्या है?"

माझं डोकं झटकन चाललं. "झाडपाल्याचा आडोसा, सुभेदारसाहेब. शत्रूला दिसू नये म्हणून जवान डोक्याला पाला लावतात ना!"

"लावते," सुभेदार म्हणाले. "पण वाळवंटात हिरवा धान लावला, तं दुश्मन दहा मैलावरून पाहीन. अन् पाहून हासंन."

मंडप हसला. सुभेदार हसले नाहीत. ते उभे राहिले आणि माझ्याजवळ आले.

"आता एकच सवाल. बाहीर स्पीकरवर ऐकलं मी, जय जवान, जय किसान. तुमी हा धान मुद्दाम लावला असंन, तं चूक नाई. कल्पना हाय. मुद्दाम लावला का आपल्या मनानं उगवला?"

धनीराम मला डोळ्यांनी खुणावत होते. निर्मलाबाई खुणावत होत्या. बायजाबाईसुद्धा! त्या गर्दीत माझ्या बाजूने नव्हता असा एकही माणूस नव्हता. 'मुद्दाम' एवढा एक शब्द म्हणायचा, की पैज माझी. गेल्या वर्षीची बातमी बरोबर होती, असं धनीराम स्पीकरवरून सांगणार, मिरवणुकीत मी आपला काठाकाठाने चालणार.

पण ते खोटं होतं! आणि त्याहून वाईट म्हणजे, मग माझा देखावा युद्धाचा राहत नव्हता. इतके दिवस कोरलेल्या शिवणी, साखळी, बाटलीचं झाकण, सगळं एका घोषणेखाली गाडलं जात होतं. माझी राजस्थान आघाडी धनीरामांच्या हातात पडत होती!

"मुद्दाम नाही!" मी गरजलो. "हा युद्धाचा देखावा आहे. वाळवंट वाळवंटच आहे. धान आपोआप उगवला, आणि त्याचा या देखाव्याशी काडीचा संबंध नाही!"

"मंग चूक झाली," सुभेदार म्हणाले.

"झाली! आणि कुणी तिला कल्पना म्हणायचं नाही!"

मग धनीरामांनी स्पीकर तोंडाशी धरला. "पाहा लोकहो! इतकी मोठी कल्पना केली, अन् मोठेपना नाई घेत! याले म्हंते इनयशील मानूस!"

मंडपात पुन्हा टाळ्या! मी ओरडून सांगत होतो की ही खरोखरच चूक आहे. जितका ओरडलो, तितका विनयशील ठरत गेलो.

पैज मात्र कुणी विसरलं नाही. विसर्जनाच्या दिवशी बँड मंडपासमोर उभा राहिला. धनीराम जवळ येऊन हळूच म्हणाले, "राहू द्या जी, साहेब. चार पावलं टाका न् बाजूले व्हा. कोनी काई म्हननार नाई."

"मंडपापासून वैनगंगेपर्यंत ठरलंय," मी म्हणालो. "एक पाऊल कमी होणार नाही!"

आणि मी नाचलो. ताठ मानेने, कपाळाला आठ्या घालून, वही खिशात ठेवून नाचलो. पहिल्या वळणावर हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. दुसऱ्या वळणावर पोरं माझी नक्कल करू लागली. शेजारून चालणारे सुभेदार ओरडले, "जवान, डावा पाय चुकून राहिला!" मी म्हणालो, "तो माझा पाय आहे!" बाजारपेठेत बायका ओट्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, त्यांत निर्मलाबाई सगळ्यांत पुढे. नदीच्या घाटावर बँड थांबला, तेव्हा थांबल्याचं मला जरा उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी धनीराम घरी आले. हातात साखरेची पुडी, वजनाला चांगली जड.

"साहेब, मंडळाची मीटिंग झाली," ते म्हणाले. "पुढल्या साली देखावा नाई करत. लोकं म्हंते, देखावा नसला तरी चालते, पण वार्ताहरसाहेबाले नाचवा."

मी तिथल्या तिथे साफ नकार दिला. पत्रकाराला काही प्रतिष्ठा असते, हेही सुनावलं.

बँड कोणता ठरवणार आहेत, एवढं मात्र विचारून ठेवलं.