एदिल्बेर्तो तळ्याकाठी मेला तेव्हा

"खरा गेम आमच्या वेळचा!" हे वाक्य दिवसातून एकदा म्हटल्याशिवाय एदिल्बेर्तो चोकेला अन्न पचत नसे. आरेकिपा शहरात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता 'सात मनोरे' या ऑनलाइन गेमचा इतिहास ऐकावा लागे.

"आता काय राहिलंय त्यात? वाट दाखवायला बाण! उडायला घोडा! आणि घोड्याला टोपी, साहेब, लोकरीची टोपी! आमच्या वेळी साधा नकाशा नव्हता. मेलात की अंगावरचं सगळं गेलं! तरी आम्ही सातव्या मनोऱ्यावर झेंडा लावला!"

टोपीवाला घोडा त्याच्याकडेही होता. दोन होते. त्याबद्दल तो बोलत नसे.

अशात गेमच्या कंपनीने जाहीर केलं, की वाढदिवसानिमित्त एका रविवारी दुपारी गेमची पहिलीवहिली आवृत्ती जशीच्या तशी चालू करणार. एदिल्बेर्तोला भरून आलं. लगेच बायकोने, योव्हानाने, आठवण करून दिली, की त्याच रविवारी तिच्या आईची सत्तरी आहे.

"सगळं मी बघते. तू फक्त भाजलेल्या कोंबड्या आणायच्यास. वेळेवर. गरम!"

"एवढंच ना? समज आल्या!" एदिल्बेर्तोने छाती फुगवली. कारण ओलेगारियोकाकांच्या ज्या इंटरनेटच्या दुकानात त्याची टोळी पूर्वी पडीक असायची, तिथेच आता त्यांचं भाजक्या कोंबड्यांचं हॉटेल होतं. कोंबड्या भट्टीत फिरतील, तोवर आपण मनोरा जिंकू, असा त्याचा हिशेब.

रविवारी टोळीतला जिवलग मित्र रोमुलो लॅपटॉप घेऊन हजर झाला. रोमुलो शाळेत पी.टी. शिकवायचा. त्याचा आवाज मैदानाच्या मापाचा होता आणि खोलीत आल्यावरही तो मापात बसत नसे. दोघे आपापला लॅपटॉप मांडून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. ओलेगारियोकाकांनी चिचा या मक्याच्या पेयाचा जग ठेवला आणि भट्टी सोडून तेही मागे उभे राहिले.

गेम उघडला. दलदल दिसली.

"आता कुठे?" रोमुलोने विचारलं.

"मनोऱ्याकडे!"

"ते झालं रे. पण कुठे?"

एदिल्बेर्तोने बराच विचार केला. "डावीकडे," तो ठामपणे म्हणाला. डावीकडे तळ्याकाठी बेडूक होता. सातव्या मनोऱ्यावर झेंडा लावणाऱ्या वीराला त्या बेडकाने दोन उड्यांत गार केलं!

नेमका तेव्हाच योव्हानाचा फोन आला.

"कुठे आहेस तू?"

"घाटावर जायचंय. होडीची वाट बघायची आहे," एदिल्बेर्तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला आणि फोन तसाच खिशात टाकला. बंद न करता!

पलीकडे योव्हाना थक्क झाली. होडी? या डोंगराळ गावात? तिने फोनचा आवाज वाढवला. भोवती पाहुणे जमले. आणि रोमुलोचा तो मैदानी आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मेला! एदिल्बेर्तो मेला!"

योव्हाना रडायला लागली.

"प्रेत कुठे पडलंय?" हा ओलेगारियोकाकांचा आवाज.

"तळ्याकाठी! अंगावरचं सगळं काढून घेतो, दुसरं कुणी न्यायच्या आत!"

"अरे, चोरा!" सासूबाई, एउफ्रासिया, गरजल्या. "जावई गेला तो गेला, आणि हा मेला त्याचे कपडे काढतोय!"

शेजारी कान देऊन उभ्या असलेल्या योव्हानाच्या मामांनी मागे वाजणारी गाण्याची चाल ओळखली. ती ओलेगारियोच्या हॉटेलातली! निघायचं तर वाहन एकच होतं, वाढदिवसाला बोलावलेल्या वाजंत्रीवाल्यांची व्हॅन. सगळे तीतच कोंबले गेले. सासूबाई नव्या जांभळ्या पोशाखात, मांडीवर कुणाचा तरी ढोल. योव्हाना हुंदके देतेय, आणि बिचारा ट्रंपेटवाला तिला वारा घालतोय!

दार धाडकन उघडलं. एदिल्बेर्तो हनुवटीला तिखटाची चटणी लावून कोंबडीची तंगडी चावत होता.

"तू... जिवंत?" योव्हानाने विचारलं.

"आत्ताच झालो," एदिल्बेर्तो म्हणाला. "पण कपडे नाहीत."

यानंतर योव्हाना जे बोलली ते ट्रंपेटवाल्यालाही नवीन होतं. आपण सकाळपासून याच्या भरवशावर राहिलो आणि याच्यासाठी रडलोसुद्धा, याचा तिला फार राग आला होता.  ती रडलेली दिसल्यावर एदिल्बेर्तो खरोखर ओशाळला आणि लॅपटॉप मिटायला लागला.

"थांबा, जावईबापू," सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "यातले तुम्ही कोण?"

"तो... उघडा. दगडाजवळचा."

"काय करताय?"

"होडीची वाट बघतोय, आई."

"कधी येते?"

"ते कुणालाच ठाऊक नसायचं."

"मग ती येईपर्यंत मला वाढा! सत्तर वर्षांची बाई उपाशी आहे."

ओलेगारियोकाकांनी टेबलं जोडली. कोंबड्या आल्या, वाजंत्री सुरू झाली, मामा नाचले. योव्हानाही दुसऱ्या तुकड्यानंतर जरा निवळली. आणि मध्येच रोमुलो ओरडला, "होडी! होडी आली!"

सगळं हॉटेल पडद्याभोवती गोळा झालं. उघडा एदिल्बेर्तो घाटावरून चालत गेला. त्याने होडीत एक पाय टाकला.

आणि तसाच राहिला. पाय वर. पडदा थिजला, मग काळा झाला. सर्व्हर कोसळला होता.

 मग रोमुलो म्हणाला, "तेच! अगदी तसंच!" त्याने एदिल्बेर्तोला मिठी मारली. ओलेगारियोकाकांनी एप्रनला डोळे पुसले. "याच टेबलावर," ते म्हणाले, "याच टेबलावर बंद पडायचा!"

योव्हाना तिघांकडे वळली.

"एवढी वर्षं मी ऐकतेय. मला एक सांग, त्या काळी तुम्ही या गेममध्ये नक्की करायचात तरी काय?"

एदिल्बेर्तोने जन्मात पहिल्यांदा यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"वाट बघायचो," तो म्हणाला. "पण काय वाट बघायचो!"