लारासच्या नावापुढची टिक

सतरा ऑगस्टच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाच्या, खेळांची नावनोंदणी विबोवोच्या गळ्यात पडली आणि त्याने ती खुशीने पडू दिली. सेमारंगच्या त्या फर्निचर कंपनीत त्याच्याइतकं एक्सेल कुणाला येत नव्हतं, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण हिशेब विभागात बसायचं, लारास नावाचं. तिची सुराबायाला बदली झाली होती. महिनाअखेर ती जाणार होती. आणि दोन वर्षांत विबोवोची गाडी 'प्रिंटरचा कागद संपलाय' याच्यापुढे सरकली नव्हती. घरी जाताना मात्र तो तिच्याशी स्कूटरवर रोज भरभरून बोलायचा, एकटाच.

तक्त्यात प्रत्येक नावापुढे खेळागणिक टिक करायची चौकट होती आणि प्रत्येक चौकट तिच्या तिच्या सेलला जोडायची होती. फुग्याच्या शर्यतीत विबोवोने आपली चौकट गुपचूप लारासच्या सेलला जोडली. कपाळाला कपाळ, मध्ये फुगा आणि जोडीने नाचत जायचं. तिने टिक केली की याचीही आपोआप होणार. एकदा क्लिक करून पाहिलं, झाली. मग उरलेल्यांच्या चौकटी मॅक्रोकडून, म्हणजे एक्सेलमधल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञांकडून, घालून घेतल्या आणि फाइल सगळ्यांसाठी खुली केली.

सकाळी लारासच्या नावापुढे फुग्याची टिक! विबोवोला नाश्ता गेला नाही. तेवढ्यात मॅनेजर पाक हार्तोनोंनी ('पाक' म्हणजे साहेब) बोलावलं.

"अख्खी कंपनी फुगा घेऊन नाचणार का रे? रस्सीखेचीला एक माणूस नाही. मी एकटाच ओढू?"

"आम्हाला वाटलं, तुम्हीच नावं घातलीत," दारात उभा असलेला वॉचमन साहेबांना म्हणाला. "मी माझी टिक काढली, पाक, तर सगळ्यांचीच गेली. घाबरून परत लावली."

विबोवोच्या डोक्यात उजेड पडला. मॅक्रोने त्याचीच चौकट जोडणीसकट खाली चिकटवत नेली होती. सगळी कंपनी लारासच्या एका सेलला लटकली होती. आणि तिथली मूळची टिक त्याच्याच चाचणीची होती. तिने काही केलंच नव्हतं. हे मात्र त्याला फार लागलं.

लारास खण आवरत होती. ऑफिसात बरोबरीच्या बायकांना आदराने 'म्बाक' आणि पुरुषांना 'मास' म्हणत.

"म्बाक लारास, तुमची टिक चुकून लागली. काढतो."

"माहितीये. मी कुठे लावली होती?"

"सॉरी."

"मास विबोवो, कालपासून बघतेय मी ती. तुमचीही होती तिथे." तिने खण बंद केला. "नको असती तर मीच नसती का काढली? बाकीच्यांच्या काढा."